प्रेत वाहणारा राजा

अद्भुत कथेंतील नायक वाचकाला कां आवडतो, असा प्रश्न विचारला म्हणजे पहिलें उत्तर ठरलेलें असतें : तो बलवान् असतो म्हणून. सामान्य माणसाला जें जमत नाहीं तें तो करतो. राक्षस मारतो, समुद्र ओलांडतो, आणि वाचक आपलें दुबळेपण घटकाभर विसरतो. हें उत्तर सोपें आहे, पण पुरें नाहीं. केवळ बळानें मन जिंकलें जात असतें, तर कथांतील सर्वच बलाढ्य पुरुष सारख्याच प्रेमानें स्मरले गेले असते. अनुभव तसा नाहीं. शेंकडों महावीर पुस्तक मिटतांच मनांतून निघून जातात; आणि एखादाच असा भेटतो कीं ज्याची आकृति बाळपणीं एकदां पाहिली ती म्हातारपणींहि पुसली जात नाहीं. काळोखी रात्र, स्मशान, हातांत तरवार, खांद्यावर प्रेत आणि मुकाट्यानें चाललेला एक राजा : ही आकृति ज्याला ठाऊक नाहीं असा मराठी वाचक विरळा.

या राजाचें ठिकाण मराठी मुलखांतच आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड तालुक्यांत शहागडापाशीं जें पाणी दिसतें तें वरच्या अंगास पैठणावरून, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानावरून, आलेलें असतें. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठीं ‘कथासरित्सागर’ रचला. त्यांत वेताळाच्या कथांचा जो गुच्छ आहे त्याचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानाचा राजा म्हणून वर्णिला आहे. पुढें याच राजाला उज्जयिनीच्या विक्रमादित्याचें नांव चिकटलें आणि लोकांच्या तोंडीं तो नुसता ‘विक्रम’ झाला. परंतु सोमदेवाच्या ग्रंथापुरतें बोलावयाचें तर हें प्रेत गोदावरीच्या कांठींच वाहिलें गेलें.

या प्रदेशाला कथा नवी नव्हती. कथासरित्सागराचें मूळ म्हणून जी ‘बृहत्कथा’ सांगितली जाते तिचा कर्ता गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या सभेंतील पंडित, अशी परंपरा आहे. राजानें ग्रंथ नाकारला तेव्हां गुणाढ्यानें रानांत अग्नि पेटविला आणि एकेक पान वाचून तो तें अग्नींत टाकूं लागला. भोंवतालचे पशुपक्षी चारापाणी सोडून ऐकत राहिले, अशी ती आख्यायिका. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत केळणा नदीच्या कांठीं भोकरदन आहे. त्याचें जुनें नांव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या भोगवर्धनाचे रहिवासी आढळतात. भोकरदनच्या उत्खननांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या इटलींतील पाँपेई नगरांत इ. स. १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति मिळाली तिच्याशीं हिचें निकटचें साम्य आहे. ज्या रस्त्यांनीं असा माल दूरदेशीं जात होता त्या रस्त्यांवर मुक्काम पडत, शेकोट्या पेटत. आणि जेथें शेकोटी तेथें गोष्ट आलीच.

आतां मूळ कथेकडे वळावें. क्षांतिशील नांवाचा एक भिक्षु रोज राजसभेंत येई आणि राजाला एक फळ देऊन निघून जाई. राजा तें फळ कोठारांतील अधिकाऱ्याकडे देई. असें दहा वर्षें चाललें. एके दिवशीं एका माकडाच्या हातीं तें फळ लागलें, त्यानें तें फोडलें, आणि आंतून एक अमोल रत्न बाहेर पडलें. कोठारांत शोध केला तों फळें केव्हांच कुजून गेलेलीं आणि रत्नांची मात्र रास पडलेली. दहा वर्षें आपण न कळत कोणाचें तरी देणें अंगावर घेत होतों, हें राजाला त्या क्षणीं कळलें. भिक्षूनें मागणें केलें : एका मंत्रसाधनेसाठीं मला एका वीर पुरुषाचें साहाय्य हवें आहे. राजानें शब्द दिला. कृष्ण चतुर्दशीच्या रात्रीं तो एकटाच स्मशानांत गेला. भिक्षूनें त्याला दक्षिणेकडे एका शिंशपा वृक्षावर टांगलेलें प्रेत आणण्यास धाडलें. त्या प्रेतांत वेताळानें ठाण मांडलें होतें.

नायकाच्या मोहिनीचें पहिलें कारण या आरंभांतच आहे. राजा राज्य मिळविण्यासाठीं निघालेला नाहीं, राजकन्येसाठीं नाहीं, कीर्तीसाठींहि नाहीं. त्यानें घेतलें आहे म्हणून तो द्यावयास निघाला आहे. ज्याच्यावर कांहींच बंधन नाहीं असा वीर कितीहि मोठा असला तरी वाचकाला परकाच वाटतो. कारण वाचकाच्या स्वतःच्या आयुष्याला देण्याघेण्याचीं, दिलेल्या शब्दाचीं, आईबापांचीं आणि मुलाबाळांचीं शेंकडों बंधनें असतात. बांधलेला नायक त्याला ताबडतोब ओळखूं येतो.

दुसरें कारण त्याच्या पहिल्याच कृतींत दिसतें. राजानें झाडावर चढून दोर कापला. प्रेत खालीं पडलें आणि वेदना झाल्यासारखें ओरडलें. हा मनुष्य जिवंत असावा असें वाटून राजा लगबगीनें उतरला आणि त्याचें अंग चोळूं लागला. तेव्हां प्रेत खदखदां हंसलें. आंत वेताळ आहे हें ओळखून राजा न डगमगतां म्हणाला, हंसतोस काय, चल. बोलण्याचाच अवकाश, प्रेत पुन्हां फांदीवर लटकलेलें. येथें कथाकारानें फार मार्मिक योजना केली आहे. स्मशानांतल्या मध्यरात्रीं एखादा निधड्या छातीचा मनुष्य न भिणें शक्य आहे. पण त्या भयाण जागीं परक्याच्या कण्हण्यानें ज्याचें मन द्रवतें, त्याचें धैर्य निराळ्या प्रतीचें होय. कणखरपणा आणि कठोरपणा या दोन वस्तु एक नव्हेत, हें वाचकाला कोणी समजावून सांगत नाहीं. तो तें एका हालचालींत पाहतो.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें आहे. या राजाजवळ तरवार आहे, पण संबंध रात्रभर वेताळापुढें तिचा कांहीं उपयोग नाहीं. वेताळ लढत नाहीं. वाट सरावी म्हणून तो गोष्ट सांगतो आणि गोष्टीच्या शेवटीं प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून सांगितलें नाहींस तर तुझ्या मस्तकाचीं शकलें होतील, असा त्याचा शाप. आणि उत्तर दिलें कीं मौन सुटतें, प्रेत झाडावर परत जातें. म्हणजे राजाचा जो सर्वांत मोठा गुण, त्याची न्यायबुद्धि, तोच त्याच्या कार्याच्या आड येतो. मूर्ख राजा हें प्रेत पहिल्याच खेपेस घेऊन गेला असता. शहाण्याला मात्र हेलपाटे.

प्रश्नहि असे कीं मन त्यांत गुंतल्यावांचून राहूं नये. मंदारवती नांवाची कन्या मरण पावते. तिच्यासाठीं आलेल्या तिघां तरुणांपैकीं एक तिच्या चितेच्या राखेवर निजून राहतो, दुसरा तिच्या अस्थि गंगेस नेतो, तिसरा भटकत भटकत संजीवनमंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते. मग ती पत्नी कोणाची? राजा म्हणतो : ज्यानें जीवदान दिलें त्यानें पित्याचें काम केलें, ज्यानें अस्थि नेल्या त्यानें पुत्राचें काम केलें, जो तिच्या राखेला बिलगून राहिला तोच तिचा पति. दुसऱ्या एका कथेंत दोन पुरुषांचीं मस्तकें एकमेकांच्या धडांवर बसविलीं जातात, आणि पति कोणता हा प्रश्न उभा राहतो. याच कथेवरून जर्मन लेखक टॉमस मान यानें इ. स. १९४० सालीं एक कादंबरिका लिहिली, आणि गिरीश कार्नाड यांचें ‘हयवदन’ हें नाटक इ. स. १९७१ सालीं आलें. आठ-नऊशें वर्षें जुना प्रश्न विसाव्या शतकांतल्या लेखकांना पुरला, यावरून त्या प्रश्नाचें पाणी कळून येतें.

तेवीस वेळां राजा उत्तर देतो आणि तेवीस वेळां परत फिरतो. या परत फिरण्यांत कथेचें सगळें मर्म सांठविलें आहे. कथाकार राजाकडून आक्रोश करवीत नाहीं, प्रतिज्ञा करवीत नाहीं, दैवाला बोल लावूं देत नाहीं. राजा झाडाकडे जातो, प्रेत खांद्यावर घेतो, आणि चालूं लागतो. पराक्रमाचें वर्णन ऐकून वाचक आश्चर्य करतो. परंतु या मुकाट परत फिरण्यानें त्याला आपलेपणा वाटतो. कारण राक्षस मारण्याचा प्रसंग कोणाच्याहि घरीं येत नाहीं. केलेलें काम वायां जाऊन पुन्हां पहिल्यापासून आरंभ करण्याचा प्रसंग मात्र प्रत्येक घरीं येतो.

जालना जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखांत हें विशेष रीतीनें कळण्यासारखें आहे. मृगाच्या भरंवशावर पेरलेलें बियाणें पावसानें ताण दिला कीं जमिनींतच जळून जातें, आणि शेतकरी उसनवार करून दुबार पेरणी करतो. इ. स. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळला, इ. स. २०१२-१३ सालीं तर जिल्ह्याचें भूषण समजल्या जाणाऱ्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळून गेल्या. वर्षानुवर्षें वाढविलेलीं झाडें तोडून त्याच जमिनींत पुन्हां रोप लावणाऱ्या माणसाला, शिंशपेकडे चोविसाव्या वेळीं निघालेला राजा कोण आहे, हें टीकाकारानें सांगावें लागत नाहीं.

याच्या उलट बाजूचें उदाहरणहि मराठींतच आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ इ. स. १८६१ सालीं, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ इ. स. १८६८ सालीं निघाली. या अद्भुतरम्य कादंबऱ्या त्या काळीं आवडीनें वाचल्या गेल्या, आणि मराठी कादंबरीच्या वाटचालींत त्यांचें स्थान निश्चित आहे. पण त्यांतील नायकांचीं नांवें आज अभ्यासकांवांचून किती जणांना सांगतां येतील? रूप, कुल, शील, शौर्य हे सर्व गुण त्यांच्या पदरीं पहिल्या पानापासून घातलेले. संकटें येतात तीं बाहेरून येतात आणि बाहेरच्या बाहेर जातात. ज्या नायकाला कोठें सांधाच नाहीं त्याला वाचकानें धरावें तरी कोठें?

थोर परंपरांनीं हें फार पूर्वींच ओळखलें होतें. मारुतीएवढा बलवंत भारतीय कथांत दुसरा नाहीं. तरीहि ऋषींच्या शापानें त्याला आपल्या बळाचा विसर पडतो, समुद्रतीरीं तो इतर वानरांबरोबर गप्प बसून राहतो, आणि जांबवानानें आठवण दिल्यावर उठतो, अशी योजना रामायणांत आहे. घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं इ. स. १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं पुढें कृष्णेच्या खोऱ्याकडे जाऊन तेथें व आसपासच्या भागांत अकरा मारुती स्थापिले. बळ नसलेल्यापेक्षां बळ विसरलेल्याला जागें करणें हेंच ज्या काळाचें काम होतें, त्या काळाला हें दैवत जवळचें वाटावें हें स्वाभाविकच होय.

परदेशांतील कथांकडे पाहिलें तरी हाच नियम दिसतो. इराणचा फिर्दौसी यानें इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनाम्यां’त रुस्तुमाचे पराक्रम अनेक आहेत, पण लोकांच्या हृदयांत तो राहिला तो स्वतःच्या पुत्राला, सोहराबाला, न ओळखतां मारणारा अभागी पिता म्हणून. रॉबर्ट हॉवर्ड या अमेरिकन लेखकाचा कॉनन हा दांडगाईसाठीं प्रसिद्ध. परंतु डिसेंबर १९३२ मध्यें छापलेल्या त्याच्या पहिल्याच कथेंत तो भेटतो तो तरवारीनें मिळविलेलें सिंहासन सांभाळतांना गांजलेला आणि कटवाल्यांनीं घेरलेला राजा म्हणून. इंग्लंडच्या टोल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ इ. स. १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक फ्रोडो अंगानें लहानखुरा. त्याच्याकडे काम एवढेंच कीं एक अंगठी वाहून न्यावयाची आणि अग्नींत टाकावयाची. ओझें वाहतां वाहतां तो झिजतो, आणि अगदीं शेवटच्या क्षणीं त्याचाहि निश्चय ढळतो. टोल्किनचा फ्रोडो आणि सोमदेवाचा त्रिविक्रमसेन यांची गांठ कल्पनेंतच घालावी लागेल. पण खांद्यावर ओझें असलेले हे दोघे एकमेकांची चाल ओळखतील.

येथें एक शंका घेतली जाईल. सोसणें हाच जर नायकाचा गुण, तर अशा कथा वाचून लोक निमूटपणें सोसावयास शिकणार नाहींत काय? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर कथेच्या शेवटीं आहे. ज्या भिक्षूसाठीं राजा रात्रभर राबतो तो कपटी आहे. राजालाच बळी देऊन त्याला विद्याधरांचें साम्राज्य मिळवावयाचें आहे. ‘क्षांति’ म्हणजे सहनशीलता. ती नांवांत धारण करतो तो कपटी, आणि आचरणांत आणतो तो राजा. आतां राजाजवळ नुसती सोशिकता असती, तर त्यानें प्रेत बिनबोभाट पोंचविलें असतें आणि आपली मान आपल्या हातानें पुढें केली असती. त्याला वांचविलें तें त्याच्या विवेकानें. तेवीस उत्तरांनीं त्याच्या हातचें प्रेत तेवीस वेळां गेलें खरें, पण त्याच उत्तरांनीं वेताळाचें मन जिंकलें.

चोविसाव्या कथेंत बाप मुलीशीं आणि मुलगा तिच्या आईशीं लग्न करतो. त्यांच्या मुलांचें एकमेकांशीं नातें काय, असें वेताळ विचारतो. राजा विचार करतो, उत्तर सांपडत नाहीं, आणि तो गप्प राहून चालूं लागतो. ज्याला ठाऊक असतांना गप्प बसतां आलें नाहीं, त्याला ठाऊक नसतांना उगाच बोलावेंसें वाटलें नाहीं. या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि भिक्षूचें कपट उघड करतो. त्याच्या सल्ल्याप्रमाणें राजा भिक्षूला म्हणतो, साष्टांग नमस्कार कसा घालतात तें मला ठाऊक नाहीं, आधीं तूं दाखव. भिक्षु आडवा होतो, आणि रात्रभर निरुपयोगी ठरलेली तरवार त्या एकाच वेळीं कामास येते. ओझें वाहण्याची ताकद आणि तें कोणासाठीं वाहावयाचें याचा निवाडा, हीं दोन्ही एका ठिकाणीं आलीं तेव्हां नायक पुरा झाला.

मराठींत ही कथा छापील रूपानेंहि जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ इ. स. १८३० ची. पुढें ‘चांदोबा’ मासिक इ. स. १९५२ पासून मराठींत निघूं लागलें. त्यांतील विक्रम-वेताळाच्या गोष्टी आणि चित्रकार शंकर यांनीं काढलेली ती खांद्यावर प्रेत घेतलेली आकृति एका पिढीच्या मनावर कायमची कोरली गेली. इ. स. १९८५ सालीं रामानंद सागर यांनीं दूरदर्शनसाठीं हिंदींत ‘विक्रम और बेताल’ केलें आणि पुढच्या पिढीलाहि तो राजा भेटला. माध्यमें बदललीं, आकृति तीच राहिली. वेताळ तर या मुलखाला घरचाच. कोठें गांवाबाहेर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपानें, तर गोव्यांत घडीव मूर्तीच्या रूपानें त्याची पूजा चालत आली आहे. ज्याच्या वाटेनें रात्रीं जाऊं नये असें मुलांना सांगितलें जातें, त्यालाच खांद्यावर घेऊन जाणारा मनुष्य मुलांना विसरतां कसा यावा?

घरांतील मुलांच्या हातीं कोणती कथा द्यावी, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका किरकोळ नाहीं. कधींच न हरणाऱ्या वीराची कथा मुलाला घटकाभर आनंद देते. परंतु तें मूल पहिल्यांदा परीक्षेंत नापास होतें, आजारानें अंथरुणाला खिळतें, किंवा घरचा धंदा बुडालेला पाहतें, तेव्हां तो वीर त्याच्या उपयोगीं पडत नाहीं. उलट आपण त्याच्यासारखे नाहीं एवढेंच त्याला जाणवतें. शिंशपेखालीं तेवीस वेळां परत आलेला राजा अशा वेळीं आठवतो. हरल्यावर पुढचें पाऊल कोणत्या दिशेनें टाकावयाचें, हें त्यानें दाखवून ठेवलेलें असतें.

कथेच्या अखेरीस वेताळ राजाला वर माग म्हणतो. हवें तें मागतां आलें असतें. राजानें मागितलें तें इतकेंच : या चोवीस कथा आणि ही पंचविसावी पृथ्वीवर प्रसिद्ध होवोत, लोकांना पूज्य होवोत. वेताळानें तथास्तु म्हटलें, आणि वर आणखी सांगितलें कीं जेथें या कथा सांगितल्या जातील तेथें भूतपिशाचांचा प्रभाव चालणार नाहीं. ज्या गोष्टींनीं रात्रभर त्याचे हाल केले, त्याच गोष्टी दुसऱ्यांना मिळाव्यात असें त्याला वाटलें. मग पहांट झाली, आणि राजा मोकळ्या खांद्यानें प्रतिष्ठानास परतला.